"काही गोळ्या चालू आहेत का?"

ठाण्यात किंवा ठाण्याच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येकाला एक विनोद आयुष्यात निदान शंभर वेळा ऐकावा लागतो. गावाकडच्या लग्नात कोणीतरी विचारतं, "कुठे राहता?" आपण म्हणतो, "ठाण्याला." की झालं! समोरचा मिश्किल हसून विचारतो, "हॉस्पिटलच्या आत की बाहेर?" आजूबाजूचे सगळे हसतात, आपणही हसतो. पुण्याकडे हाच विनोद येरवड्याच्या नावाने चालतो. आमच्या वर्गात तर व्हायवामध्ये कोणी काहीच्या काही उत्तर दिलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "याला ठाण्याला पाठवा रे!" आणि गंमत म्हणजे आम्ही सगळे ठाण्यातच बसलेलो असतो.

या लेखात मला असं म्हणायचं आहे की हा विनोद फुकट नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजतं, आणि ती कधीकधी जिवाएवढी असू शकते. तुम्ही म्हणाल, काय पण बोलतेस, एका पीजेने कोणी मरतं का? थांबा जरा. आपण इंजिनिअर होणार आहोत ना, मग एकेक पायरी चढत जाऊ. स्टेप-मार्किंग असतं आपल्याकडे!

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. बारावीला बायोलॉजीचा आणि माझा काडीमोड झाला. शिवाय कॉन्व्हेंटमधली असल्यामुळे माझं मराठी म्हणजे पोह्यांवर केचप. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण हा विषय हाती लागल्यापासून डोक्यातून जात नाही, आणि तो मराठीतच लिहावासा वाटला. कारण ज्यांनी तो वाचायला हवा त्यातले बरेच जण घरी मराठीच बोलतात.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते रॉकेटपासून. (मेकॅनिकलवाले, जागे व्हा!) दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रॉकेटच्या इंधनात हायड्राझिन नावाचं रसायन वापरलं होतं. युद्ध संपल्यावर त्याचा उरलेला साठा रसायनांच्या आणि औषधांच्या कंपन्यांकडे आला, असं औषधांच्या इतिहासात सांगतात. त्या हायड्राझिनपासून निरनिराळी संयुगं बनवून बघता बघता टीबीवरची दोन औषधं हाती आली. एक आयसोनायझिड आणि दुसरं त्याचंच भावंड, आयप्रोनायझिड. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या रुग्णांना ही औषधं देऊन पाहिली. तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. अंथरुणाला खिळलेले, जगण्याची आशा सोडलेले रुग्ण हसायला-बोलायला लागले, भूक लागते म्हणायला लागले. आयप्रोनायझिड घेणाऱ्यांमध्ये हे जास्तच दिसत होतं.

त्याच वर्षी कळलं की हे औषध शरीरातल्या मोनोअमाइन ऑक्सिडेझ नावाच्या एन्झाइमला अडवतं. इंग्रजीत त्याला थोडक्यात 'माओ' म्हणतात. चीनच्या माओशी काही संबंध नाही! आपल्या मेंदूत सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन अशी निरोप पोचवणारी रसायनं असतात. त्यांचं काम झालं की त्यांची विल्हेवाट लावणाऱ्यांमध्ये हा माओ महत्त्वाचा. त्याला अडवलं की ही रसायनं साठून राहतात. १९५७ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध डिप्रेशनच्या रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष मांडले. डिप्रेशनवरच्या औषधांचा पहिला वर्ग असा जन्माला आला: माओ इनहिबिटर. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रमिन या दुसऱ्या जातीच्या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. म्हणजे १९५७ हे या विषयातलं वर्ल्ड कपचं वर्ष म्हणा ना.

आता यात आपला काय संबंध? आहे, आणि चांगला जवळचा आहे. आपल्याकडे सर्पगंधेची मुळी शेकडो वर्षं वापरात आहे. उत्तरेत तिला 'पागल की दवा'च म्हणायचे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ब्लडप्रेशरच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा वापरल्याचा अभ्यास छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. त्या मुळीतून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे क्लाइननी तेच मनोरुग्णांवर वापरलं, आणि १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन अशी दोघांची नावं होती. रेसर्पिनमुळे मेंदूतली ही निरोप्या रसायनं कमी होतात आणि ते घेणारे काही रुग्ण उदास होतात, असं डॉक्टरांना दिसलं. (हा संबंध तेव्हा वाटला तितका सरळ नाही, असं पुढच्या अभ्यासांत म्हटलं गेलं.) मग लोकांनी उलटा विचार केला: रसायनं कमी झाल्याने माणूस खचत असेल, तर ती वाढवल्याने सावरेल का? डिप्रेशनच्या औषधामागच्या विचाराची एक वाट परळच्या केईएममधून गेलेली आहे. हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता इंटरव्हलनंतरचा भाग.

आयप्रोनायझिड घेणाऱ्या काही जणांना कावीळ झाली, लिव्हर निकामी होऊन माणसं दगावली. १९६१ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घेतलं गेलं. तोपर्यंत त्याच वर्गातली फेनेल्झिन, ट्रॅनिलसिप्रोमिन अशी नवी औषधं आली होती. ती घेणाऱ्या काही रुग्णांचं ब्लडप्रेशर अचानक आकाशाला भिडायचं, डोकं मागच्या बाजूने फुटेल इतकं ठणकायचं, आणि काही जण मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. का होतंय ते कोणालाच कळेना. कारण हे रोज होत नव्हतं. आज ठीक, उद्या ठीक, परवा एकदम अ‍ॅटॅक.

याचं उत्तर कोणत्या मोठ्या लॅबमधून आलं असेल? लॅबमधून नाहीच आलं, पत्रातून आलं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या फार्मासिस्टची बायको ट्रॅनिलसिप्रोमिन घेत होती. तिला दोनदा हा त्रास झाला, आणि दोन्ही वेळा तिने चीज खाल्लं होतं. त्याने हे लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधल्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरला कळवलं. चीजमुळे ब्लडप्रेशर? लोकांना हे हास्यास्पद वाटलं. पण ब्लॅकवेलनी पाठपुरावा केला, इतर रुग्णांनी काय खाल्लं होतं ते विचारलं, आणि १९६३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा संबंध मांडला.

मेकॅनिझम साधं आहे. जुनं, मुरवलेलं चीज, काही प्रकारची बिअर, सोया सॉस, खारवून वाळवलेलं मांस-मासळी यांत टायरामिन नावाचा पदार्थ तयार होतो. एरवी आपल्या आतड्यातला आणि लिव्हरमधला माओ त्याचा तिथल्या तिथे निकाल लावतो. गोळीने माओ बंद केला की टायरामिन थेट रक्तात शिरतं, मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बाहेर ढकलतं आणि प्रेशर चढतं. समजा, पावसाळ्यात नाल्याचं तोंड बंद केलं. रोजच्या नळाच्या पाण्याने काही होत नाही. पण ज्या दिवशी मुसळधार पाऊस येतो त्या दिवशी चाळीत पाणी शिरतं. दोष पावसाचा की बंद तोंडाचा? दोन्ही एकत्र आल्याचा.

आणि आणखी एक. ही जुनी औषधं माओला कायमचं निकामी करतात. गोळी थांबवली म्हणजे धोका थांबला, असं नाही. शरीराला नवीन एन्झाइम तयार करायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून गोळी बंद केल्यावरही १४ दिवस पथ्य पाळावं लागतं. फ्लुओक्सेटिनसारखं औषध घेणाऱ्याला माओ इनहिबिटर द्यायचं असेल तर तब्बल पाच आठवडे थांबतात.

चीजचं समजलं, पण औषधांचं काय? सर्दीच्या गोळीतलं फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, दुखण्यावरचं ट्रॅमॅडॉल आणि पेथिडिन, डिप्रेशनवरची इतर औषधं... यातलं काहीही माओ इनहिबिटरबरोबर पोटात गेलं तर प्रेशर तरी चढतं, नाहीतर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, गोंधळ, शरीर ताठ होणं अशी अवस्था होते. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची कॉलेजची मुलगी ताप आणि थरथर घेऊन दाखल झाली. ती फेनेल्झिन घेत होती. तिला पेथिडिन दिलं गेलं. काही तासांतच ती गेली. तिच्या मृत्यूचं नेमकं कारण काय यावर कोर्टात कित्येक वर्षं वाद झाला, पण त्यातून एक मोठी गोष्ट घडली. रात्रभर न झोपलेले शिकाऊ डॉक्टर एकाच वेळी किती रुग्ण सांभाळतात याची चौकशी झाली, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्यांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. अठरा वर्षांची! आपल्या एफईच्या मुलींएवढी.

आता कोणी म्हणेल, "बघ, मी सांगत होतो ना, या मनाच्या गोळ्या म्हणजे विष." नाही हो! माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. घरातला गॅस सिलिंडरही धोकादायक आहे, म्हणून आपण चुलीवर जात नाही. आपण रेग्युलेटर लावतो, रबराची नळी वेळेवर बदलतो, वास आला तर खिडक्या उघडतो. माओ इनहिबिटर आज फार कमी वापरतात. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि मग त्या जातीची जास्त सुरक्षित औषधं सगळीकडे आली. पण इतर काहीच लागू पडत नाही अशा काही रुग्णांसाठी ही जुनी औषधं अजूनही उपयोगी आहेत. २००६ मध्ये तर याच वर्गातल्या सेलेजिलिनचा कातडीवर चिकटवायचा पॅच डिप्रेशनसाठी मंजूर झाला. तो आतड्याला वळसा घालून जातो, म्हणून त्याच्या सगळ्यात कमी डोसला चीजचं पथ्यही लागत नाही. ही शुद्ध इंजिनिअरिंग आहे. दोष सापडला, कारण सापडलं, डिझाइन बदललं. आणि उपचारच न घेतलेल्या डिप्रेशनचा साइड इफेक्ट काय असतो, हे पेपरात आपण वाचतोच. तेव्हा कोणी ही गोळी घेत असेल तर हा लेख वाचून ती एकदम बंद करू नका. ते तर आणखी धोक्याचं. काही शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा.

मग माझा मुद्दा काय? मुद्दा असा की हा सगळा शोध लागला तो कोणीतरी सांगितलं म्हणून. त्या फार्मासिस्टने पत्रात लिहिलं की माझी बायको डिप्रेशनची गोळी घेते आणि चीज खाल्लं की तिला असं होतं. त्याने लपवलं असतं तर? 'लोक काय म्हणतील' असा विचार केला असता तर?

गेल्या सुट्टीत मी अंबरनाथ एमआयडीसीत इनप्लांट ट्रेनिंग केलं. तिथे शॉप फ्लोअरवर एक वही टांगलेली होती, निअर मिस रजिस्टर. म्हणजे अपघात झाला नाही पण होता होता वाचला, अशा गोष्टी त्यात लिहायच्या. पाना हातातून सटकला आणि पायाजवळ पडला, लिहा. तेलावरून पाय घसरला पण सावरला, लिहा. तिथल्या सेफ्टी ऑफिसरनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मुलांनो, यात लिहिणाऱ्याला मी कधीच ओरडत नाही. एकदा ओरडलो की दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहील. आणि वही कोरी राहिली की समजायचं, आता कोणाचा तरी हात जाणार."

फार्मासिस्टचं ते पत्र म्हणजे निअर मिस रजिस्टरमधली नोंदच. आणि आपला 'ठाण्याला पाठवा'वाला विनोद म्हणजे नोंद करणाऱ्याला ओरडणं. आपण हसतो आणि वही कोरी राहते.

पटत नाही? माझ्या आत्याचं सांगते. ती डोंबिवलीला राहते, शाळेत शिकवते, माझ्या ओळखीतली सगळ्यात धडाडीची बाई. गेली काही वर्षं डिप्रेशनची गोळी घेते आणि छान आहे. पण गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत ठेवते. औषध आणायला डोंबिवलीतली दुकानं सोडून कल्याणला जाते, कारण घराजवळच्या मेडिकलवाल्याकडे सोसायटीतले सगळेच येतात. मागे दाढ काढायला मी तिच्यासोबत गेले होते. छोटासा दवाखाना, बाकावर आणखी चार जण. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का?" आत्याने एकदा बाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही हो, काही नाही." त्या बाकावर तिच्या विद्यार्थिनीची आई बसली होती. नंतर मी रिक्षात विचारलं तर म्हणाली, "तुला काय जातंय गं बोलायला? उद्या तीच बाई शाळेत जाऊन सांगेल की मॅडमना वेडाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या वर्गात मुलगी नको."

काही झालं नाही, दाढ निघाली, आत्या ठणठणीत आहे. निअर मिस. पण वहीत नोंद कुठे झाली?

आत्या चुकली असं म्हणणं सोपं आहे, पण मी म्हणणार नाही. सगळ्यांसमोर असा प्रश्न विचारणारी पद्धत चुकली. ब्रिटनमध्ये माओ इनहिबिटर घेणाऱ्यांना खिशात बाळगायला एक कार्ड देतात: मी हे औषध घेतो, मला अमुक देऊ नका. बेशुद्ध पडलात तरी डॉक्टरला कळावं म्हणून. आता कल्पना करा, ८.१७ च्या फास्ट लोकलला लटकणारा आपला एखादा दादा पाकिटात पासशेजारी असं कार्ड ठेवेल का? ठेवणार नाही. कारण पाकीट पडलं आणि ऑफिसमधल्या कोणी उचललं तर? गाडीतून पडण्यापेक्षा जास्त भीती त्याला त्या कार्डाची वाटेल.

आता शेवटची पायरी. तुम्हाला वाटेल, माओ इनहिबिटर आता कोण घेतं, हा सगळा इतिहास झाला. पण नाही ना! लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक आहे. ते सौम्यपणे माओलाही अडवतं. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला होता की डिप्रेशनची सेरोटोनिन वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना लिनेझोलिड देताना काळजी घ्या, गंभीर त्रास होऊ शकतो. आणि हे लिनेझोलिड आज कशासाठी वापरतात माहितेय? औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी! सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने अशा टीबीसाठी सहा महिन्यांचा जो नवा कोर्स मंजूर केला, त्यातल्या चार औषधांपैकी एक लिनेझोलिड आहे. पूर्वीचे उपचार दीड-दोन वर्षं चालायचे, म्हणजे ही मोठीच सोय झाली. पण बघा कसं वर्तुळ पूर्ण होतं: टीबीच्या औषधातून डिप्रेशनचं औषध निघालं, आणि आता टीबीच्या औषधामुळे डिप्रेशनच्या औषधाकडे लक्ष द्यायची वेळ आली.

जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. मुंबई-ठाण्याच्या गर्दीत, बंद खोल्यांत, लोकलच्या डब्यात तो पसरतो. महिनोन् महिने औषधं, नोकरीचं टेन्शन, घरात वेगळी ताट-वाटी... अशा माणसाला डिप्रेशन येणं किती साहजिक आहे! म्हणजे एकाच माणसाला दोन्ही उपचार लागायची शक्यता भरपूर. टीबीचा डॉक्टर एक, मनाचा डॉक्टर दुसरा, खोकल्याचं औषध देणारा मेडिकलवाला तिसरा. या तिघांना जोडणारा एकच दुवा असतो, तो रुग्ण स्वतः. आणि त्याचंच तोंड आपण विनोद करून बंद केलेलं. म्हटलं होतं ना, विनोद फुकट नाही?

कोणी म्हणेल, प्रायव्हसीचं काय? सगळ्या जगाला सांगत सुटायचं का? मुळीच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाला आपल्या मानसिक आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क आहे. सोसायटीला, कॉलेजला, सासरच्या दूरच्या काकूंना सांगायची काहीच गरज नाही. पण जो आपल्याला औषध देतोय किंवा इंजेक्शन टोचतोय त्याला माहीत हवं. आणि त्याने ते विचारताना आवाज खाली ठेवायला हवा. एक बाजू बोलेल तेव्हाच, जेव्हा दुसरी बाजू नीट ऐकेल. लिबी झायनच्या वेळी तिची औषधं रेकॉर्डवर होती. थकलेल्या व्यवस्थेला ती माहिती वापरता आली नाही. म्हणजे नुसतं सांगूनही भागत नाही, हेही खरं.

आता भाषेबद्दल एक. औषधाच्या खोक्यात घडी करून जो कागद असतो तो कधी वाचलाय? मुंगीएवढ्या अक्षरांतलं इंग्रजी. मी कॉन्व्हेंटवाली, मला तो समजत नाही, मग माझ्या आजीने काय करायचं? त्यातलं पथ्यही परक्या स्वयंपाकघराचं. चेडर आणि स्टिल्टन चीज खाऊ नका म्हणे! आपल्याकडे लोकांना प्रश्न पडतो, पनीर चालेल का? (ताजं पनीर मुरवलेलं नसतं, त्याची गोष्ट वेगळी.) सुकी मासळी चालेल का? ज्या कोळीवाड्यात दारात मासळी वाळत घालतात, तिथल्या माणसाला 'स्टिल्टन' सांगून काय उपयोग? औषधांचे इशारे मराठीत आणि आपल्या जेवणाच्या शब्दांत मिळायला हवेत.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिथे किती माणसं बरी होऊन घरी गेली असतील! याच शहरात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही संस्था सुरू केली, तिथेही माणसं मोकळेपणाने बोलायला जातात. मला विचाराल तर ठाण्याला पाठवणं ही शिवी नसून चांगला सल्ला आहे. आपल्याला लाज कसली?

बरं, नुसती भाषणबाजी नको, काय करायचं ते सांगते.

एक. आपण घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी मोबाइलमध्ये ठेवा. ब्रँडचं नाव नको, बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव लिहा. ब्रँडची नावं एकमेकांसारखी असतात. डॉक्टर, डेंटिस्ट, मेडिकलवाला, सगळ्यांना तीच यादी दाखवा. बोलायची गरजच नाही, नुसता फोन पुढे करायचा.

दोन. 'साधी सर्दीची गोळी द्या' असं म्हणून दुकानातून काहीही घेऊ नका. साधी गोळी असा प्रकार नसतो.

तीन. औषधाचा त्रास झाला तर कळवा. भारतात २०१० पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे. फक्त डॉक्टरच नाही, रुग्णही कळवू शकतो. हेच आपलं देशाचं निअर मिस रजिस्टर. आणि मनच बरं नसेल तर टेलिमानसचा १४४१६. हा २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं.

चार, आणि हे आपल्या कॉलेजसाठी. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या आधी आपण जो फॉर्म भरतो त्यात 'मेडिकल हिस्टरी' असा एक कॉलम असतो. तो फॉर्म सीआरकडे जातो, तिथून बसमध्ये अख्ख्या वर्गाच्या हातातून फिरत सरांकडे पोचतो. साठ जणांच्या वर्गात त्या कॉलममध्ये साठ वेळा 'निल' लिहिलेलं असतं. साठच्या साठ जण ठणठणीत? कोणाला दमा नाही, फिट येत नाही, कोणाची कसलीच गोळी चालू नाही? सेफ्टी ऑफिसरच्या भाषेत ही कोरी वही आहे.

माझी संपादकांमार्फत कॉलेजला विनंती आहे की हा कॉलम फॉर्मवरून काढावा आणि त्याऐवजी प्रत्येकाला एक पाकीट द्यावं. माहिती आत लिहायची, पाकीट चिकटवायचं, वर नाव घालायचं. गरज पडली तर डॉक्टर उघडतील, नाही पडली तर परत येताना ज्याचं त्याला. खर्च माणशी एक रुपया. पुढची व्हिजिट याच सेममध्ये आहे, तेव्हा सुरुवात त्याच व्हिजिटपासून करता येईल. पाकिटं मी आणते.